सव्वीसांतले नऊ

भीती कुठून शिरते? आपल्याला वाटतं दारातून, म्हणून आपण दाराला कडी लावतो. पण मोजणीताईंच्या खोलीत त्या दिवशी ती शिरली एका टाचणी मारलेल्या कागदातून. आणि तीही सकाळी साडेदहाला, खिडकीतून लख्ख ऊन आत येत असताना, पहिला चहा अजून वाफाळत असताना.

ताईंचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं होतं. वैद्यकीय शिक्षणाच्या त्या तीन मजली कचेरीत सगळे त्यांना मोजणीताईच म्हणत, कारण त्यांचं काम मोजण्याचं. हाडांचे सर्जन किती, डोळ्यांचे किती, मेंदूचे किती, लहान मुलांचे किती. आज किती आहेत, उद्या किती लागतील आणि म्हणून यंदा किती शिकाऊ डॉक्टरांना प्रवेश द्यायचा. ऐकायला हे काम कोरडं वाटतं. पण सर्जन काही बाजारात मिळत नाही. त्याला घडायला सहा वर्षं लागतात. ताईंनी आज कागदावर एक आकडा लिहिला, तर सहा वर्षांनी तो आकडा हातमोजे चढवून टेबलापाशी उभा राहतो. आणि आज लिहिला नाही, तर सहा वर्षांनी त्या टेबलापाशी कुणी नसतं. देवाने माणसाच्या हाती फार थोडी सत्ता दिली आहे, त्यातली ही एक. आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका करकरणाऱ्या खुर्चीत बसलेली होती.

दुपारी तीनला बैठक होती. लहान मुलांच्या सर्जनांसाठी पुढची सहा वर्षं किती जागा ठेवायच्या, ते आज ठरायचं आणि त्यावर शिक्का बसायचा. एकदा शिक्का बसला की सहा वर्षं कुलूप. ताईंचा तक्ता तयारच होता. अकरा रुग्णालयांनी आपापले आकडे पाठवले होते. बेरीज सव्वीस. गरज चोवीसची. म्हणजे दोन जास्तच. जागा आहे तशीच, वर्षाआड एक. डोळे मिटून सही करावी असं काम.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे नस्तीभाऊ म्हणाले, "ताई, त्या नदीपलीकडच्या रुग्णालयाने आकड्याबरोबर भलतंच काही जोडलंय बघा. त्यांच्या कारकुनाचं लक्ष कुठे असतं देव जाणे. शस्त्रक्रियांचं वेळापत्रक पाठवलंय."

नस्तीभाऊ म्हणजे कचेरीतल्या सगळ्या नस्त्यांचे, म्हणजे फायलींचे, राखणदार. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि थट्टा जिभेच्या शेंड्यावर.

"द्या इकडे," ताई म्हणाल्या. "परत पाठवून देते."

पण परत पाठवण्याआधी त्यांनी तो कागद वाचला. वाचायला नको होता, असं त्यांना नंतर दिवसभर वाटत राहिलं. नदीपलीकडच्या रुग्णालयाने लहान मुलांचे सर्जन तीन असं कळवलं होतं. वेळापत्रकात त्या तिघांचे नोंदणी क्रमांक होते, आणि प्रत्येकासमोर वार. एक फक्त सोमवारी. एक फक्त गुरुवारी. तिसरा महिन्यातून दोनदा.

मग बाकीच्या वारी ही माणसं असतात कुठे?

प्रश्न साधाच होता. पण ताईंनी कागद परत पाठवायचा बेत सोडला. त्यांनी उरलेल्या दहा रुग्णालयांना एकामागून एक फोन लावले. आकडा नको, म्हणाल्या, नोंदणी क्रमांक सांगा. कुणी कुरकुरलं, कुणी "आत्ता कशाला?" म्हणालं, पण पावणेबारापर्यंत सगळे क्रमांक आले. ताईंनी कोऱ्या कागदाच्या सव्वीस चिठ्ठ्या कापल्या. एका चिठ्ठीवर एक क्रमांक. मग सारखे क्रमांक एकावर एक ठेवायला सुरुवात केली.

सव्वीस चिठ्ठ्यांचे ढीग झाले नऊ.

त्यांनी पुन्हा मोजलं. नऊ. उलट्या बाजूने मोजलं. तेही नऊ. सोमवारी नदीपलीकडे, मंगळवारी टेकडीखाली, बुधवारी स्टेशनमागे. एकच माणूस गाडी हाकत हिंडत होता आणि जाईल तिथे एक सर्जन म्हणून मोजला जात होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येक रुग्णालयाला तक्त्यात दोन-तीन सर्जन दाखवावे लागत, नाहीतर त्यांचा मुलांचा विभाग बंद व्हायचा. आणि ती माणसं येत होती, हे खरंच होतं. तक्त्याचा रकाना विचारत होता, "उपलब्ध किती?" आठवड्यातून किती दिवस, ते विचारतच नव्हता. आणि तो रकाना कुणी आखला होता? नऊ वर्षांपूर्वी, याच टेबलावर, फूटपट्टी धरून, खुद्द मोजणीताईंनी.

"ताई, चेहरा का असा पडलाय? भूतबित बघितलंत का?" नस्तीभाऊंनी विचारलं.

"भूत परवडलं हो भाऊ," ताई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "ते एका वेळी एकाच ठिकाणी असतं."

भाऊ हसले आणि मग त्यांच्याकडे बघून हसायचे थांबले. उठून आले, चिठ्ठ्यांचे ढीग बघितले. त्यांना एकदम उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आणि यांची वयं?" ते हळूच म्हणाले.

ताईंनी ते अजून बघितलं नव्हतं. बघायचं धैर्य होत नव्हतं. पासष्टाव्या वर्षी सर्जनाने शस्त्रक्रिया थांबवायची, असा नियम. त्यांनी नोंदणीची वही उघडली आणि नऊ जणांची वयं उतरवून घेतली. सहा जण साठीच्या पुढचे. चौसष्ट, त्रेसष्ट, त्रेसष्ट, बासष्ट, बासष्ट, एकसष्ट. शिकत असलेले तीन: एकाने यंदाच अर्ध्यात सोडलं, एक आणखी दोन वर्षांनी शिकून झाल्यावर परदेशी जाणार असं सगळ्यांना सांगत फिरतो, आणि एक चौथ्या वर्षी तयार होणार. ताईंनी कागदावर ओळ लिहिली. यंदा नऊ. पुढच्या वर्षी आठ. मग सहा. मग चार. त्याच्या पुढच्या वर्षी एक गेला, एक आला, पुन्हा चार. आणि पुढेही चारच.

चार माणसं आणि अकरा रुग्णालयं. आतड्याला पीळ पडलेलं दोन दिवसांचं बाळ वाट बघत नाही. त्याला सहा तासांत सर्जन लागतो. मंगळवार आहे का गुरुवार, हे बाळाला कळत नसतं.

पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय, हे ताईंना त्या क्षणी कळलं. फरशी जागच्या जागी होती, पण पाय मात्र खुर्चीच्या दांडीला घट्ट विळखा घालून बसले होते. आज आग लागलेली नव्हती, आरडाओरडा नव्हता. खाली रस्त्यावर लोक भाजी घेत होते, बसमध्ये चढत होते, कडेवरच्या पोरांची नाकं पुसत होते. आणि त्यांच्याकडे येऊ घातलेली गोष्ट फक्त ताईंना दिसत होती, कागदावर, आपल्याच अक्षरात.

नऊ वर्षांपूर्वीची बैठक त्यांना आठवली. मुलांचे एक सर्जन, ज्यांना सगळं गाव टाकेबाबा म्हणे, तेव्हा टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "दर वर्षी चार जागा द्या. आम्ही मोजकेच उरलोय." आणि ताईंनी आपला नवा तक्ता पुढे सरकवला होता. तेव्हाची बेरीज एकवीस. टाकेबाबा ती बघून खो खो हसले होते. "एकवीस? ताई, मला भेटवा की हे एकवीस जण! एकदा सगळ्यांना चहाला बोलावतो." ताईंना तो टोमणा वाटला होता. आकड्यांना टोमणे ऐकू येत नाहीत, असा त्यांना केवढा अभिमान! जागा वर्षाआड एक होती, ती तशीच राहिली.

एक वाजता त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. संचालक साहेब माणूस वाईट नव्हता. आजवर ताईंच्या एकाही आकड्याला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या, वयांची ओळ बघितली आणि आधी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"नस्तीभाऊंना."

"त्यांना सांगा, तोंड शिवून घ्या." साहेब बसले, पुन्हा उठले. "ताई, हे बघा. आज नको. आज फक्त सव्वीस वाचा. पुढे सावकाश फेरतपासणी लावू, समिती नेमू, रीतसर दुरुस्त करू."

"शिक्का बसला की सहा वर्षं कुलूप असतं, साहेब."

"अहो, मध्येच उघडता येतं. अर्ज करावा लागतो."

"किती वेळ लागतो?"

दोघांनाही माहीत होतं. मागच्या वेळी भुलीच्या डॉक्टरांसाठी असा अर्ज केला होता, तो तीन वर्षं फिरला.

"तीन वर्षांनी चारच उरतात," ताई म्हणाल्या. "आणि एका शिकवणाऱ्याच्या हाताखाली दोनच शिकाऊ, हा नियम. तिसरा आला तर कुणाच्याच हाताला पुरेशा शस्त्रक्रिया मिळत नाहीत. तेव्हा शंभर जागा मंजूर झाल्या तरी शिकवणार कोण? आपण धान्य खाल्लं नाही साहेब, आपण बियाणंच खाल्लं."

साहेबांच्या कपाळावर घाम होता. पंखा चालू होता तरी. ताईंच्या लक्षात आलं की हा माणूस दरडावत नाहीये, हाही घाबरलाय. आणि त्यामुळे त्यांची स्वतःची भीती दुप्पट झाली. अंधारात पुढे चालणाऱ्याचा हात धरावा आणि तोच हात गार लागावा, तसं.

"नऊ वर्षं चुकीचा तक्ता," साहेब म्हणाले. "लोक विचारतील, कुणी आखला? मी तुम्हाला वाचवू शकणार नाही, ताई. सरळ सांगतो. आणि मलाही कुणी वाचवणार नाही. विचार करा. तीनला अजून दोन तास आहेत."

टेबलावर परत आल्यावर ताईंनी डबा उघडला आणि पुन्हा मिटला. मनात देवाचं नाव सुरू होतं. उभ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्या मोजत नसत. किती वेळा घेतलं, कधी विचारलं नाही. आज मात्र नावही धड पुरं होईना, अर्ध्यावर आकडा येऊन आडवा पडे. नऊ, आठ, सहा, चार.

आणि नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेतली."

"खोटं. आवाजावरून कळतंय. काय झालं?"

लेक डॉक्टर होती. दोन वर्षांपूर्वी तिला मुलांची सर्जन व्हायचं होतं. जागा एक, आणि ही यादीत दुसरी. रात्रभर रडली होती. तेव्हा आईने तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं होतं, "अगं वेडे, त्यात गरजच नाही फारशी. पुरेसे आहेत. मी स्वतः मोजलेत." आणि लेकीने ऐकलं होतं. आता ती त्वचेची डॉक्टर होत होती.

ताईंना साहेबांची भीती वाटत होती, नोकरीची वाटत होती, वर्तमानपत्रांची वाटत होती. पण ही भीती त्या सगळ्यांच्या वरची निघाली. तरी त्यांनी सांगितलं. सगळं. चिठ्ठ्यांसकट. बोलताना त्या टेबलावरचा एक ढीग बोटाने सारखा करत राहिल्या.

फोनमध्ये मागे कुणीतरी रुग्णाला आत बोलावत होतं.

"म्हणजे गरज होती," लेक शेवटी म्हणाली.

"होती."

"मी पोरांची आतडी शिवणार होते, आई. आज सकाळपासून सात जणांच्या पुटकुळ्या बघितल्या."

"बाळा..."

"बाळा-बिळा नको. एवढं सांग. तीनला काय वाचणार आहेस?"

"साहेब म्हणतात, सव्वीस."

"साहेब काय म्हणतात ते नाही विचारलं मी."

"मला भीती वाटतेय गं," ताई म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पण ते वाक्य पाच वर्षांच्या मुलीसारखं बाहेर पडलं.

"वाटू दे," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "मलाही तुझा राग आलाय. तो आज जाणार नाही, उद्याही जाणार नाही. पण तू तिथे सव्वीस वाचलंस ना, तर मग कधीच जाणार नाही." आणि तिने फोन ठेवला.

तीन वाजता बैठकीच्या लांब टेबलाभोवती सात माणसं बसली. एका टोकाला साहेब. दुसऱ्या टोकाला टाकेबाबा, शिकवणाऱ्यांचे प्रतिनिधी. बासष्ट वर्षांचे, अंगाने वाळकुडे, पांढऱ्या मिशा, कोटाच्या खिशात सदा काहीतरी खडखडणारं. रुग्णालयांचे दोन अधिकारी, परीक्षा विभागाच्या बाई, कायद्याचे सल्लागार, आणि ताई. ताईंच्या नस्तीत दोन कागद होते. वर सव्वीसचा, खाली नऊचा.

"चला, लवकर उरकू," कायद्याचे सल्लागार म्हणाले. "ताईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाचा."

ताई उभ्या राहिल्या. एरवी त्या बसून वाचत. त्यांनी टेबलाची कड धरली. साहेब त्यांच्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या पाण्याच्या ग्लासात बघत होते. देवा, ताई मनात म्हणाल्या, जीभ तेवढी उचलून दे, पुढचं मी बघते.

"तक्त्यात सव्वीस आहेत," त्या म्हणाल्या. "माणसं नऊ आहेत."

मग खालचा कागद वर काढून त्यांनी सगळं वाचलं. आपण रकाना कसा आखला तेही, आणि नऊ वर्षं तो कसा चालू ठेवला तेही. कुठे "कार्यालयाकडून" म्हणाल्या नाहीत, "मी" म्हणाल्या. नऊ, आठ, सहा, चार ही ओळ वाचताना त्यांचा आवाज मध्येच बंद पडला. परीक्षा विभागाच्या बाईंनी तो कागद आपल्याकडे ओढून उरलेली ओळ वाचली.

मग एकदम सगळे बोलू लागले. एक अधिकारी म्हणाला, आमच्याकडे तर तीन आहेत, मी स्वतः बघितलेत. दुसरा म्हणाला, त्यातले दोन माझ्याकडेही येतात. "अहो, म्हणजे आपण दोघं एकाच माणसाला..." आणि तिथेच थांबला. कायद्याचे सल्लागार साहेबांना विचारत होते, हे आपल्याला कधी कळलं? साहेबांनी ग्लास बाजूला सरकवला.

"मला दुपारी एकला कळलं," साहेब म्हणाले. "आणि मी ताईंना गप्प बसायला सांगितलं होतं. तेही लिहून घ्या."

त्यानंतर भांडण झालं नाही, हिशेब झाला. तीन वर्षांनी शिकवणारे चार. चौघांच्या हाताखाली आठ शिकाऊ. त्यातली एक जागा आधीच भरलेली. उरल्या सात. यंदा चार आणि पुढच्या वर्षी तीन. त्याहून एकही जास्त नाही. मधल्या वर्षांचं काय, असं परीक्षा विभागाच्या बाईंनी विचारलं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली होती. पाणी सहा वर्षांनी लागणार होतं, आणि तोवर घागर रिकामीच.

"निदान खणायला तरी लागू," साहेब म्हणाले. "सह्या करा."

कागद फिरत फिरत टाकेबाबांकडे गेला. आत्तापर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते. नऊ वर्षांपूर्वी मूठ आपटणारा माणूस, आज त्याने "मी सांगत नव्हतो?" एवढं म्हटलं असतं तरी ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी पेन उचललं, आणि ठेवलं. पुन्हा उचललं.

"बाबा, सही करायचीय, टाका नाही घालायचा," कायद्याचे सल्लागार हसून म्हणाले.

टाकेबाबांनी सही केली. ताई शेजारीच कागद धरून उभ्या होत्या, म्हणून ती त्यांना दिसली. ती सही नव्हती. पावसात भिजलेल्या मुंगीने कागदावरून जावं तशी रेघ होती. बाबांनी उजवा हात झटकन टेबलाखाली घेतला आणि डाव्या हाताने धरला. पण टेबलाचं लाकूड पातळ होतं, आणि पाण्याच्या ग्लासात बारीक तरंग उठत राहिले.

दोघांची नजरानजर झाली.

ताईंना वाटलं, बोलू नये. त्यांना वाटलं, मी काही बघितलंच नाही. एका दिवसात माणसाने किती आकडे बघावेत? आठ, सात, पाच, असं त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झालं होतं, आणि त्यांनी ते दाबून धरलं.

"ताई," टाकेबाबा म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्ही नऊ वर्षांची चूक आत्ता उभं राहून सांगितलीत. माझी तीन महिन्यांची आहे. मी बसूनच सांगतो."

त्यांनी हात टेबलावर ठेवला. तोच हात, ज्याने या गावातली किती लेकरं शिवून आईच्या कुशीत परत दिली होती, तो आता झाडाच्या शेंड्यावरच्या पानासारखा हलत होता.

"अजून कुणाचं काही बिघडलं नाही. देवाची कृपा, आणि तो शिकाऊ पोरगा. बारीक काम त्यालाच देतोय. मला वाटलं, मी थांबलो तर माझ्या जागी येणार कोण? म्हणून थांबलो नाही. तुमच्या रकान्यात मी आहे म्हणजे आहे, असं स्वतःलाच सांगत होतो." त्यांनी कागद ताईंकडे सरकवला. "खोडा मला. नीट मोजा."

साहेब म्हणणार होते, "विश्रांती घ्या, होईल ठीक," पण त्यांचं तोंड उघडून तसंच राहिलं.

ताईंनी पेन घेतलं. नऊवर रेघ मारली, आठ लिहिलं. पुढची ओळ सगळी बदलली. आठ, सात, पाच, चार. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं आणि पाचाचं पोट पसरलं.

"आणि शिकवायचं?" त्यांनी विचारलं. "हात थांबले तर शिकवणंही थांबतं का?"

"नियमाप्रमाणे थांबतं," परीक्षा विभागाच्या बाई म्हणाल्या. "शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच शिकाऊ देता येतात."

"मी मुलाच्या खांद्यामागे उभा राहून सांगू शकतो," टाकेबाबा म्हणाले. "कुठे कापायचं नाही, ते सांगायला हात लागत नाहीत."

"मग नियम बदलायला घेऊ," साहेब म्हणाले. "उद्या सकाळीच बसू त्यावर."

"उद्या सकाळी," टाकेबाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो काढायलाही त्यांना दोनदा हात घालावा लागला. "उद्या सकाळी स्टेशनमागच्या रुग्णालयात माझी यादी आहे. दोन लेकरं. एक आठ महिन्यांची मुलगी. आणि दुसरं, अजून नावसुद्धा ठेवलेलं नाही, तीन दिवसांचं आहे. त्याला परवापर्यंत थांबवता येणार नाही."

बाहेर ऊन होतं. खाली बस थांबली, माणसं उतरली, बस निघून गेली. दुपारभर ज्या दिवसाची भीती वाटत होती, सहा वर्षांनी येईल, तीन वर्षांनी येईल, तो दिवस उद्याच होता, सकाळी आठला.

ताई आपल्या टेबलावर धावल्या. खरोखरच धावल्या. नस्तीभाऊंनी न विचारता फोन त्यांच्यापुढे सरकवला. चिठ्ठ्यांचे ढीग तसेच होते. उरलेले आठ. नोंदणीच्या वहीतून पहिल्याचा फोन शोधून लावला. उद्या टेकडीखाली पूर्ण दिवस, डॉक्टर बाई म्हणाल्या, माझ्या यादीत चार आहेत. दुसरा गावाबाहेर, आईच्या आजारपणात. तिसरा फोन उचलेना. चौथे म्हणाले, दुपारी दोननंतर येतो. मग बाळाचं वय ऐकलं आणि म्हणाले, दोनला फार उशीर होईल हो.

ताईंनी पाचवी चिठ्ठी उचलली. एक आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. दारात टाकेबाबा येऊन उभे राहिले होते, थरथरता हात काखेत दाबून. त्यांच्या मागे साहेब.

पलीकडे घंटा वाजू लागली. एकदा. दोनदा. कुणीतरी उचलला.

"डॉक्टर," ताई म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला तुम्ही कुठे आहात?"

आणि त्या फोन कानाशी घट्ट धरून उत्तराची वाट बघू लागल्या.